तीन भाकऱ्या

ट्रेनिंग कॉलेजातून मी एकच शहाणपण घेऊन बाहेर पडले होते: गणित घोकून नाही, समजून शिकवायचं. सत्तरच्या सुमारास राजारामपुरीतल्या एका शाळेत पहिलीचा वर्ग मिळाला आणि मी चिंचोके, खडे, काटक्यांचं दुकानच मांडलं. बाकीच्या बाई हसायच्या. मी त्यांची कीव करायचे.

वर्गात राधानगरीकडची एक मुलगी होती, इथे मामाकडे राहणारी. खडे सरकवून ती बारातून सात इतक्या झटक्यात वजा करायची, की मला माझंच कौतुक वाटायचं. मामानं मात्र आधीच बजावलं होतं, "नापास झाली तर तिचा बा गावाकडं न्हेणार तिला. म्हशींच्या मागं माणूस लागतंयच की."

वर्षअखेर शाळा तपासणारे साहेब तोंडी परीक्षेला आले. आपण फार व्यवहारातलं विचारतो, अशी त्यांची समजूत होती.

"ताटात पाच भाकऱ्या. दोन खाल्ल्या. आता ताटात किती?"

"चार," मुलगी म्हणाली.

"चार कशा?"

"ताटात तीन ठेवत न्हाईत. आई आणखी एक वाढती."

साहेब माझ्याकडे बघून हसले. "हेच का तुमचं समजून शिकवणं?" आणि तिच्या नावापुढे नापासाची लाल फुली मारली.

तीन उरल्या हे कळल्याशिवाय ती चौथी मोजेल कशी? मला ते तिथल्या तिथे समजलं होतं. पण माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती, आणि समजून शिकवणाऱ्या बाईंची जीभ टाळ्याला चिकटली.

दुपारी ऑफिसात साहेबांचं जेवण झालं. वाढायला मीच होते. पानात तीन पुऱ्या पडल्या तसा साहेबांनी हात आडवा धरला. "तीन काय वाढता, बाई? अजून एक टाका."

मी टाकली. गरम बघून टाकली.

निकालानंतर मामा मुलीला घेऊन दाखला न्यायला आला. मला राहवलं नाही. भाकरीचं आणि पुरीचं, सगळं त्याला सांगितलं. पोरगी हुशार आहे, तिचं काही चुकलं नव्हतं, असंही म्हणाले. त्यानं दाखल्याची घडी घातली.

"मग तवाच का बोलला न्हाईसा, बाई?"

मुलगी त्याचं बोट धरून उभी होती. गावाला जायचं म्हणून तिनं नवं परकर-पोलकं घातलं होतं.