मागची दोन थोरली टायरं

आमच्या मामाला बैलांतलं कळायचं, एवढं मी आजही मान्य करतो. काष्टीच्या बाजारात लोक जोड पारखायला त्याला मुद्दाम बोलवायचे. एक बैल दुसऱ्यापेक्षा दोन बोटं उंच निघाला तरी तो जोड नापास करायचा. असल्या माणसानं गाडीच्या बाबतीत माती खावी, आणि तीही छाती पुढे काढून, याचा संताप मला या वयातही येतो.

दुसरी मोठी लढाई संपली, भिंगारला लष्कराच्या जुन्या गाड्यांचा लिलाव निघाला आणि मामानं एक जीप उचलली. मी लढाईत लष्करी गाड्या चालवून नुकताच परतलो होतो, म्हणून चालवायचं काम माझ्या गळ्यात आलं. दुसरं कारण सरळच सांगतो. मामाची मुलगी मला द्यायची, हे दोन्ही घरांत आम्ही लहान असल्यापासून बोललेलं होतं. सुपारी तेवढी फुटायची राहिली होती. मला ती मनापासून हवी होती. म्हणून मी त्या दारात ड्रायव्हर म्हणून राबलो, नाहीतर त्या माणसाच्या सावलीलाही उभा राहिलो नसतो.

जीप चांगली होती. पण मामाला ती बुटकी वाटायला लागली. साखर कारखान्याच्या मळ्यात त्यानं ट्रॅक्टर पाहिला होता: पुढे लहान चाकं, मागे ही थोरली. झालं! भिंगारच्या भंगारवाल्याकडून तो कुठल्याशा दांडग्या लष्करी गाडीची दोन टायरं घेऊन आला.

"मागं बसीव ही," म्हणाला.

"मामा, बसवायची तर चारी बसवा. न्हाईतर हाय ती राहू द्या."

"का रं? ट्रॅक्टरला न्हाईत व्हय?"

मी समजावलं. जीपच्या पुढच्या आणि मागच्या आसांत, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या कण्यांत, दात्यांचा हिशेब एकच. खालचा दांडा ओढून चारी चाकांना जोर दिला, की दोन्ही आस बरोबरीनं फिरतात. मागचं चाक मोठं झालं तर तेवढ्याच फेऱ्यांत ते जास्त रस्ता कापणार, पुढचं कमी. मागचं पुढच्याला रेटणार, पुढचं मागच्याला अडवणार आणि मधल्या गिअरच्या पेटीतले दाते मरणार. ट्रॅक्टरचा जोर नुसता मागच्या चाकांना, पुढची फक्त वळण्यापुरती. मागं मोठी टायरं हवीच असतील, तर त्या आसातले दातेही त्या मापानं बदलायला हवेत. "तुमच्या बैलांचंच बघा की," असंही म्हणालो.

"बैल जित्ता असतो. लोखंडाला काय कळतंय, उंच का बुटकं?"

ओट्यावरची मंडळी ख्यॅ ख्यॅ करून हसली. मामाच्या ओट्यावर हसायला माणसं कायम हजर असायची. चहा फुकट होता ना!

मडगार्ड छाटून टायरं बसवली. गाडी मातीत तोंड खुपसायला निघालेल्या डुकरासारखी दिसायला लागली. मामानं ती नांगरलेल्या रानात चारी चाकं जोडून फिरवायला लावली. भुसभुशीत मातीत चाकांना घसरायला जागा असते, तेव्हा काहीच बिघडलं नाही. "बघ! लष्करात नुस्त्या भाकरी मोडून आलास व्हय रं?" म्हणाला. पुन्हा ख्यॅ ख्यॅ.

सुपारीच्या दिवशी भावकीतली वडीलधारी माणसं स्टेशनावर उतरली. त्यांना आणायला मामा स्वतः पटका बांधून माझ्या शेजारी बसला. परतीच्या वाटेवर पक्की, दाबलेली खडी. मी नुसत्या मागच्या चाकांवर सावकाश चाललो होतो. मामाला दम कुठला!

"चारी जोड की."

"मामा, पक्का रस्ता हाय. चाकाला घसराया जागा न्हाई."

"दावनीला चार बैल असताना दोनच जुपणारा येडा म्या न्हाई!"

माझा हात हलेना, तसा त्यानंच वाकून दांडा ओढला. थोड्याच अंतरात स्टिअरिंग हिसके द्यायला लागलं, तापल्या तेलाचा वास आला. मी गाडी थांबवून दांडा परत ढकलून पाहिला. घट्ट अडकलेला. त्याला उपाय सोपा होता. गाडी जराशी मागं घेतली असती तर पीळ सुटून दांडा मोकळा झाला असता. तसं मी बोललोही.

मामा अंगावर धावला. "सुपारीला निघाल्याली गाडी मागं न्यायची? अपशकुन करतूस? चल म्होरं!"

मागची वडीलधारी माणसंही म्हणाली, "व्हय बाबा, मागं नगं." मी क्लच सोडला. खाडकन आवाज झाला आणि पेटी फुटून सगळं तेल रस्त्यावर आलं. पाहुण्यांसकट ती जीप बैल जुंपून गावात आणली. सगळं गाव वेशीत उभं राहून बघत होतं.

घरी पोचायच्या आधीच मामानं खापर माझ्या डोक्यावर फोडलं. "पोरानं दांडा वढला, म्या नगं नगं म्हनत हुतो!" मागं बसून सगळं पाहिलेली ती थोर मंडळी मूग गिळून बसली. मग मामानं मला गोठ्यात नेलं.

"समद्यांम्होरं म्हन, चूक माजी झाली. लगेच सुपारी फोडतो. न्हाई म्हनलास, तर पोरगी दुसरीकडं दिली समज."

मी बैठकीत गेलो आणि उभ्यानं सांगितलं, "टायरं मामांनी आणली. दांडा मामांनी वढला. म्या नको म्हणत हुतो." मामानं सुपारीचं ताट उचललं आणि आत पाठवून दिलं. त्याच उन्हाळ्यात मुलगी राहुरीकडे दिली. मी नगरला एका वर्कशॉपात कामाला लागलो.

काही वर्षांनी नगरच्या मोटार स्टँडवर ती भेटली. कडेवर लेकरू होतं. मला राहवलं नाही. मी तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं. टायरं, आस, दांडा, तिच्या बापाचा खोटेपणा, त्या म्हाताऱ्यांचा भित्रेपणा. तिनं सगळं ऐकून घेतलं. लेकराचं टोपडं नीट केलं.

"म्या दाराआड हुते," ती म्हणाली. "दांडा बाबांनीच वढला, ह्ये त्या बैठकीत कुणाला ठावं नव्हतं? समद्यांस्नी ठावं हुतं. मलाबी. मग तुमी ते सांगत कुणाला हुता? माझ्यापायी येवढं एक खोटं बोलवलं न्हाई तुमच्यानं?"