बागेत भाजलेला राब

गंगापूर रोडचे बंगले आणि आमची वस्ती यांच्यामध्ये एक बाग होती, म्युनिसिपालटीने वाऱ्यावर सोडलेली. झोके तुटलेले, छातीएवढं गाजरगवत, आणि आत दिवसभर पत्ते कुटणारे दारुडे. पोर आत दिसलं की मेले बाटली फेकून मारायचे. म्हणून वस्तीची पोरं रस्त्यावर खेळायची. तिथंच माझ्या धाकट्या बहिणीला टेम्पोने चिरडलं. चार वर्षांची होती.

तिचे दिवस घालून झाले आणि आईने विळा काढला. "आता पोरं बागेतच खेळतील. कोण अडवतो तेच बघते!" वस्तीतल्या बायका तिच्यामागे निघाल्या. एका दारुड्याला तर आईने कॉलर धरून फाटकाबाहेर फरफटत नेलं.

आम्ही सगळे डोंगरातल्या पेठ तालुक्याकडचे. तिकडे पेरणीआधी जमिनीवर पालापाचोळा, शेण पसरून पेटवतात, त्याला राब भाजणं म्हणतात. त्याने तण मरतं. बायकांनी गाजरगवत कापून वाळवलं आणि बागेत राब भाजला. शहरात असं करू नये, हे एकीच्याही डोक्यात आलं नाही.

धूर बंगल्यांत शिरला. दारुड्यांनी तिकडे कान भरले, "झोपड्या टाकायला बाग जाळतायत." झालं! बंगलेवाले हॉकी स्टिका घेऊन धावून आले. कोपऱ्यावरच्या बंगल्यातला माणूस सगळ्यांच्या पुढे.

"बाग काय तुमच्या बापाची आहे?"

"साहेब, ऐका तर, तण जाळतोय," आई म्हणत होती, तेवढ्यात त्याने स्टिक हाणली. मी शेजारीच उभी होते, आईच्या उजव्या हाताचं हाड मोडलेलं कानांनी ऐकलं. माझं टाळकंच सरकलं. वीट उचलली आणि त्याच्या कपाळावर घातली. आणखी एक घालायला हवी होती, असं मला आजही वाटतं. मग अशी जुंपली की विचारू नका. डोकी फुटली, झिंज्या उपटल्या, एका बाईने एकाच्या दंडाचा लचकाच तोडला. पोलीस आले तेव्हा दोन्हीकडचे गरम राखेत लोळत होते.

पावसाळ्यात त्या जागी गाजरगवत आलं नाही, हरळी आली. वस्तीतल्या वेल्डरने झोके जोडून दिले. आईचा हात मात्र वाकडाच बसला. डाव्या हाताने ती पोरांना झोके द्यायची.

एका संध्याकाळी त्याच माणसाची मुलगी येऊन झोक्यावर बसली. चारेक वर्षांची. बाप फाटकाशी उभा, कपाळावर माझ्या विटेचा व्रण. मी पोरीचं बखोट धरून तिला खाली ओढलं. तशी आईने वाकड्या हाताने माझ्या कानफटात लावली.

"टेम्पो काय बंगला बघून थांबतो का गं?" ती माझ्यावर ओरडली, आणि पोरीला उचलून परत झोक्यावर बसवलं.