बारा मात्रांचा नाच

आमच्या शहरातल्या नाट्यगृहात स्पॅनिश संगीत आणि नृत्याचा दोन दिवसांचा महोत्सव होता. पहिल्या दिवशी मी आणि बायको सुनंदा गेलो. मला नाचातलं काही कळत नाही, पण मोजता येतं. गिटार सुरू झाली तशा मी बोटांवर मात्रा मोजल्या. बारा भरल्या.

"एकताल आहे," मी सुनंदाच्या कानाशी म्हणालो.

"बारा भरल्या म्हणून एकताल होत नाही हो. जोर कुठे पडतोय ते ऐका."

मंचावर पन्नाशीची, अंगाने भरलेली बाई टाचा आपटत नाचत होती. जरा वेळाने खाली पाहिलं, तर सुनंदाने चप्पल काढली होती आणि तिचा उजवा पाय बरोबर त्या जोराच्या मात्रांवरच जमिनीवर पडत होता.

लग्नाआधी ती अकरा वर्षं कथक शिकली होती. लग्नानंतर तिला नाचू नको असं आमच्या घरात कुणीच म्हटलं नाही. आईला घुंगरांचा त्रास व्हायचा, म्हणून मी "थोडे दिवस थांब" एवढंच म्हणालो होतो. घरात मनाई करावी लागत नाही, नंतर बघू म्हटलं की पुरतं. प्रत्येक गोष्ट मोजून करणारा मी, पण किती दिवस ते तिला सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. या गोष्टीला चोवीस वर्षं झाली.

नाच संपला. टाळ्यांच्या गजरात मी म्हणालो, "उद्याही येऊ या."

"नको," ती शांतपणे म्हणाली. "पुन्हा बघितलं तर तुमचा राग येईल मला."