सुर्वेच्या मज्जापेशींची दुरुस्ती

नव्वदच्या दशकातली एक शनिवार दुपार, आनंदनगर एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्याचे कँटीन. अस्मादिक तेव्हा प्रयोगशाळेत अधिकारी होते... म्हणजे परीक्षानळ्यांपेक्षा सहकाऱ्यांच्या कानांवरच त्यांचे प्रयोग अधिक चालत.

समोर इलेक्ट्रिशियन सुर्वे. त्याच्या दारूपायी बायको मुलीला घेऊन सोनिवलीला माहेरी निघून गेलेली. "रक्तातच आहे साहेब. बाप त्यातच गेला, आता माझा नंबर."

एका मासिकातला एकमेव लेख वाचून मी नुकताच सर्वज्ञपदाला पोहोचलो होतो. मद्याचा प्रभाव मेंदूतल्या मज्जापेशींच्या गाभ्यापर्यंत जातो, तेथील काही जनुके जागृत होतात, काही निद्रिस्त... असे प्रवचन आरंभिले. सुर्वेची मुद्रा निर्विकार. निरुपायाने त्याच्याच व्यवसायाची उपमा योजली : जनुके म्हणजे पॅनेलवरचे स्विच.

त्याचा घास हातातच राहिला. "म्हणजे वायरिंग बापाचं, पण स्विच दारू खालीवर करते?"

"स्थूलमानाने, होय."

"मग स्थूलमानानेच सांगा... सोडली तर परत जागेवर येतात?"

येथे प्रवचनाची पट्टी खाली आणावी लागली. "काही येतात, सावकाश. सगळ्यांचं शास्त्रालाही अजून ठाऊक नाही."

"काही तर काही, तेवढे तरी येऊ देत," म्हणून तो हात धुवायला उठला.

एकाएकी सोडणे जिवावर बेतू शकते, म्हणून सोमवारी त्याला उल्हासनगरच्या डॉक्टरांकडे नेले. पुढचे काही आठवडे कठीण गेले... एकदा तर तो घसरलाही. पण दुसऱ्या दिवशी स्वतःच दवाखान्यात जाऊन बसला.

काही महिन्यांनी शिरगावला त्याच्या घरी चहाचे निमंत्रण आले. दारावर कारखान्यातली लाल पाटी लटकत होती : 'दुरुस्ती चालू आहे. लाइन चालू करू नये.' ज्याने ती लावली त्यानेच काढायची, दुसऱ्याने हात लावायचा नाही, हा आमच्याकडचा कडक दंडक. संध्याकाळी 'बसायला' हाक मारणारे त्याचे मित्र कारखान्यातलेच. पाटी वाचून ते आल्या पावली परत जात म्हणे.

चहा घेऊन वहिनी बाहेर आल्या, मागे मुलगी. "भाऊजी, तुम्ही तरी सांगा यांना ती पाटी उतरवायला. शेजारणी विचारतात, घरात कसलं काम काढलंय?"

"चालू आहे ना अजून," सुर्वे बशीत चहा ओतत म्हणाला.

आयुष्यभर असंख्य प्रवचने झोडली... त्यांतले एक कोणीतरी खरोखर वापरले, याबद्दल मी सुर्वेचा आजन्म ऋणी आहे.