बरंकाकांचा नकार

गल्लीतल्या शिंपीकाकांना खऱ्या नावानं कुणीच हाक मारत नसे. कुणी काहीही म्हटलं की ते "बरं" म्हणायचे, म्हणून ते बरंकाका. बाही आखूड करा, बरं. उद्याच द्या, बरं. गिऱ्हाइकांनी डोक्यावर मिऱ्या वाटायच्या आणि यांनी वर चहा मागवायचा, असा सगळा कारभार.

त्यामुळे मोठ्या भावानं, दादानं, "तुझं दुकान मला गोदामाला हवंय, तू मशीन माझ्या जिन्याखाली टाक," असं फर्मावलं, तेव्हा काय उत्तर येणार हे मशीनलासुद्धा ठाऊक होतं. पण नेमक्या तेव्हा काकांच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या काढेपर्यंत जरा धीर आला. "नाटक झालं की सांगतो," ते म्हणाले. जिन्याखाली ना उजेड होता, ना तिथवर कुणी गिऱ्हाईक फिरकलं असतं. दुकान गेलं म्हणजे सगळंच गेलं.

नाटकाचं लचांडही "बरं"मुळेच गळ्यात पडलेलं. हौशी मंडळींचं विनोदी नाटक. मुलीला ट्रम्पेटवाल्याशी लग्न करायचंय आणि हट्टी बाप शेवटपर्यंत नाही म्हणतो. बापाचा कोट शिवताना काकांनी चक्क स्वतःच्या मापानं कापड कापलं. नटाचा हातच बाहीत शिरेना. नाटक बसवणाऱ्या बाईंनी कपाळाला हात लावला. मग म्हणाल्या, "कोट ज्याला बसेल तो बाप. काका, घाला."

"बरं."

तालमीत घोडं अडलं. मुलीचं काम करणारी ग्रंथालयातली मुलगी पहिल्याच प्रवेशात "बाबा, ऐका ना" म्हणाली की हे पाघळायचे. "बरं, कर लग्न." नाटक तिथंच खलास.

"अहो काका, तुम्हाला आत्ताच पटलं तर मी पुढचे अंक कशाचे करू?" बाई करवादल्या. "तुम्ही नाही म्हणता म्हणून तर तिला नवी युक्ती काढावी लागते. तुमच्या नकारावर अख्खं नाटक चालतंय!"

हे काकांना फारच भावलं. आपल्या नकारावर काही चालू शकतं, हे त्यांना आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. ते दुकानात बसून "नाही" घोकू लागले. आधी पुटपुटत, मग खणखणीत. पडदे शिवायला आलेलं एक गिऱ्हाईक दारातूनच मागं फिरलं, त्याला आणायला कोपऱ्यापर्यंत धावावं लागलं.

प्रयोगाला दादा पहिल्या रांगेत. दोन अंक बाप असा काही अडून बसला की लोक हसून हसून बेजार. तिसऱ्या अंकात मुलीनं शेवटची विनवणी केली. आता काकांनी विरघळायचं होतं. तेवढ्यात त्यांना दादा दिसला, खुशीत मान डोलवत बसलेला, आता "बरं" येणारच अशा खात्रीनं.

"नाही," काका म्हणाले.

विंगेत बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. मुलीनं पुन्हा विनवलं. पुन्हा "नाही." तिची पाठ केलेली वाक्यं संपली. ती त्यांच्या पायाशी बसली आणि आपल्याच मनानं बोलू लागली. "बाबा, मी गेले की घर सुनं होईल, हीच भीती ना? मी रोज संध्याकाळी येईन. त्याला ट्रम्पेट अंगणात वाजवायला सांगेन. अजून काय खुपतंय तुम्हाला? सांगा, मी ऐकते."

अजून काय खुपतंय, असं काकांना उभ्या जन्मात कुणी विचारलं नव्हतं. त्यांना भडभडून आलं.

"आता काही नाही गं," ते म्हणाले. "बरं."

टाळ्यांनी नाट्यगृह दणाणलं. बाई विंगेत रडतही होत्या आणि हसतही होत्या.

दादा तडक रंगपटात आला. "झकास केलंस! मग उद्या सामान हलवायला गाडी पाठवतो."

"नाही, दादा."

"अरे, नाटक संपलं."

"म्हणूनच सांगतोय."

"किती वेळा सांगितलं तुला!"

"सांगितलंस रे. विचारलं कुठे?" काकांनी कोट काढून खुंटीला लावला आणि दादापुढे खुर्ची सरकवली. "बस. पहिल्या अंकापासून सुरू कर."