नॉर्वेसाठी पँट

लातूरला शिंप्याच्या दुकानात ऐन मे महिन्यात एक धोतरवाले म्हातारे भेटले. आयुष्यातली पहिली पँट शिवायला ते निलंग्याहून आले होते. माप देतानाही हसत होते. नॉर्वेतल्या लेकीनं त्यांना जूनमध्ये गोल्फ खेळायला बोलावलं होतं.

“तिथं म्हणं रातीबी ऊन असतंय,” ते मला सांगू लागले. “मला कुठलं गोल्फ येतंय? पण लेक म्हणली, बाबा, दिसभर संगं हिंडू.”

ते ‘संगं’ ऐकून माझा असा जळफळाट झाला की त्यांच्या चेहऱ्याकडं बघवेना.

“तुमची लेकरं कुठं हायत?” त्यांनी विचारलं.

“एकच मुलगा. पुण्यात असतो.”

“मग काय, जवळच हाय की!” ते मनापासून म्हणाले.

मी मान डोलावली. दोन दिवाळ्या तो घरी आला नव्हता.