कुसुमवहिनी आणि दोन राखणदार

माही वहिनी कुसुमबाई. आंध्र-महाराष्ट्राच्या हद्दीवर भैंशात, बस स्टँडच्या मागं तिचा फोनचा बूथ. माहा भाऊ मंचेरियलले कोळशाच्या खाणीत, महिन्यातून एखाद्या रविवारी येनार. म्हनून दुकान वहिनीच पाहे अन् मी तिच्यासंगं. लोक म्हनत, बाईमानूस फोन घेऊन बसते. म्हनू द्या. तिच्यासारखी बाई या गावात दुसरी नाई, हे मी कोनाच्याई तोंडावर सांगतो.

गिऱ्हाइकासंगं ती तेलुगूत बोले, हिंदीत बोले, चिडली का मराठीत. बोलता बोलता मधीच तिचे डोळे कुठंतरी लांब जात. जिनिंगचे दिवस आले का गावाच्या हवेत कापूस उडे, बारीक, पांढरा, उन्हात चमकनारा. उघड्या दारातून आत ये, तिच्या केसावर बसे, कम्प्युटरच्या बटनावर बसे. मी झटकाले गेलो का म्हने, "राहू द्या भाऊजी. ढग आला घरात."

कम्प्युटर आमी १९९९ साली घेतला, फोनच्याच लाइनवर इंटरनेट लावलं. लावून देनारा पोरगा हैदराबादचा. व्हायरस लागू नये म्हनून त्यानं अँटिव्हायरस टाकून देला. मंग नांदेडवरून लक्ष्मणराव आले, वहिनीच्या थोरल्या बहिनीचे मालक. त्यायनं आपल्या ऑफिसातली सीडी आनली अन् दुसरा अँटिव्हायरस टाकला. पहिला काढावा हे कोनाच्याच मनात आलं नाई. आमी हद्दीवरचे लोक. ताप आला का इकडच्या निर्मल गावच्या डॉक्टरची गोळी घेतो अन् नांदेडच्या डॉक्टरचीई, एकाच पान्यासंगं. लग्नाची पत्रिका तेलुगूत छापतो अन् मराठीतई. दोन्हीकडं सोयरे, कोनी नाराज नोको व्हायले.

तवापासून इंटरनेट लावलं का मशीन जाग्यावर बसून जाय. पडद्यावरचा बान हाले नाई, मशीनचा पंखा घोंगावे, अन् शेवटी लाइनच तुटे. गिऱ्हाइक शिव्या देत जाय. तरी तसंच चालवलं.

मंग मस्कतले कामाले असलेला गावातला महिपत सुट्टीवर आला. वहिनीचा धाकटा भाऊ देवाजी तिकडंच बिल्डिंगच्या कामावर होता. महिपत चहा पेता पेता बोलून गेला, "हात मशीनीत गेला म्हनतेत देवाजीचा. मी नाई पाह्यलं, आयकलं."

वहिनीनं तिथल्या तिथं फोन लावला. देवाजी म्हने, "काई नाई ताई, खरचटलं."

"मंग फोटू धाड. हात टेबलावर ठेवून काढ. दोन्ही."

त्यानं लय टाळलं. पन या बाईले नाई म्हनू शकत नाई कोनी. शेवटी कंपनीच्या ऑफिसातून ई-मेलवर धाडला.

त्या दुपारी बाहेर कापूस उडत होता, आत फोटू उतरत होता. वरून खाली, पडदा सुटल्यावानी हळूहळू. आधी नुस्तं आभाळ, तिकडचं, पिवळसर. मंग केस. मंग कपाळ. मंग डोळे. वहिनी एवढ्या जवळ सरकली का काचीवर तिचा श्वास उमटे. मिश्या आल्या, हनुवटी आली, शर्टाची कॉलर आली. अन् मशीन अडकलं. लाइन गेली.

पुन्हा लावलं. पुन्हा आभाळ, केस, डोळे, कॉलर. पुन्हा अडकलं.

"भाऊजी, कॉलरच्या खाली काऊन येत नाई हा?"

"मशीन थकून राह्यलं, वहिनी."

"थकाले काय झालं? कापूस येचला का त्यानं?"

मी शाळा सोडलेला, इंग्रजी अर्धं कळे. पन मशीनमधी एक खिडकी होती, प्रोसेसर किती राबते ते रेघ काढून दाखवनारी. ती उघडली. लाइन बंद असताना रेघ खाली, निजल्यावानी. गाने लावले, तरी खालीच. इंटरनेटचं पान उघडलं अन् रेघ छताले टेकली. मंग पडद्याच्या कोपऱ्यात अँटिव्हायरसचे दोन चिन्हं देसले, एक नांदेडचं, एक हैदराबादचं. हैदराबादचा बंद केला. रेघ खाली आली. चालू केला, वर गेली. नांदेडचा बंद केला, पुन्हा खाली.

"वहिनी, हे दोघं भिडून राह्यले. फोटूचा तुकडा आला का एक तपासते. त्यानं हात लावला का दुसरा तोच तुकडा पुन्हा तपासते. सगळी ताकद राखणदारीतच चालली. एक काढून टाका लागते."

"नुस्ता बंद केला त?"

"दोन मिन्टानं आपसूक पुन्हा उठते. काढाच लागते."

"लक्ष्मणरावायचा काढला त बहीन बोलनार नाई मासंगं. हैदराबादवाल्याचा काढला त तो रिपेरले येनार नाई."

तिनं कॉलरकडं पाह्यलं. "काढा नांदेडचा. बहिनीची समजूत मी काढीन."

काढला, मशीन बंद करून सुरू केलं, लाइन लावली. रेघ अर्ध्यावर डुलत राह्यली. आभाळ, केस, डोळे, कॉलर. कॉलरच्या खाली गुंडी. दुसरी गुंडी. मंग टेबल, अन् टेबलावर हात. उजवा पुरा. डाव्याचे शेवटचे दोन बोटं नाईत.

वहिनीनं आपला तळवा काचीवर त्या हातावर ठेवला. उडता कापूस तिच्या मनगटावर येऊन बसला. मंग इंटरनेट बंद करून तिनं मस्कत लावलं.

"देवा, हात पाह्यला."

तो म्हने, "ताई, आईले सांगू नोको."

"मी नाई सांगत. तू ये, तूच सांग. अन् पुन्हा खोटं बोलला त मी येते तिकडं, तुह्या मालकाच्या दारात."

तो हसला वाटते, कारन वहिनीई हसली, नाक पुसत. "जेवता येते ना? भाकर मोडता येते?" ती इचारत राह्यली.

बाहेर गिऱ्हाइक जमले होते. एक जन बूथच्या काचीवर टकटक कराले लागला. मी बाहेर जाऊन दार लोटून घेतलं अन् दारातच उभा राह्यलो.

"बहीन बोलून राह्यली भावासंगं. घाई असन त स्टँडवरच्या बूथवर जा."